बंदूक माझ्या घरात आहे, म्हणूनच सांगते

देशात कुठे झुंडबळी गेला, कुठे मिरवणुकीच्या वेळी मशिदीसमोर तणाव झाला, की आठवडाभर आपल्या व्हॉट्सअॅप गटांत एकच चर्चा चालते : ‘आता घरोघर हत्यार हवं.’ पूर्वी ही चर्चा लाठ्याकाठ्यांवर थांबायची. आता तिला अमेरिकेहून खाद्य मिळू लागलंय. तिथला कुणी दाढीवाला तरुण, कधी हिजाब घातलेली मुलगी, हातात सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेऊन ती घराच्या रक्षणासाठी कशी निवडावी, कुठे ठेवावी, कशी साफ करावी हे समजावून सांगते. खाली आपली पोरं लिहितात, ‘कौमला याचीच गरज आहे.’ आणि ही पोरं उनाड नाहीत. त्यांत इंजिनिअर आहेत, वकील आहेत, आपल्या चळवळीच्या शिबिरांना आलेले कार्यकर्तेही आहेत.

मी या मागणीच्या विरोधात लिहिते आहे. ‘बंदुकीतलं बाईला काय कळतं’ असं कुणी म्हणण्याआधी सांगून टाकते : माझ्या घरात बारा बोरची दुनळी बंदूक आहे. कोकणात शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळतात, तसा अब्बांकडे होता. त्यांच्यानंतर वारस म्हणून तो माझ्या नावावर झाला. वानरं आंबा-काजूची नासाडी करतात आणि डुकरं एका रात्रीत भाताचं खाचर उलथून टाकतात, त्यांना हुसकावण्यासाठी ती आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही, म्हणून बहुतेक बार हवेतच जातात. ही बंदूक मी उघडते, पुसते, तेल लावते आणि तिचे कागद सांभाळते. ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे मला ठाऊक आहे.

आधी जे मान्य आहे ते सांगते. भीती खरी आहे. ज्या घरातला माणूस डब्यातल्या मटणाच्या संशयावरून मारला जातो, त्या घराला ‘घाबरू नका’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. स्वसंरक्षणाचा हक्कही खरा आहे. भारतीय दंड विधानात तो ९६ ते १०६ या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. रात्री घरफोडी करून कुणी शिरला, राहत्या घराला आग लावली, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जाऊ शकतो. दीनचंही तेच सांगणं आहे. आपली जान, माल आणि घरची माणसं राखताना जो मारला जातो तो शहीद, ही हदीस आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. तेव्हा ‘मार खा पण हात उचलू नकोस’ असा उपदेश मी करत नाही. माझा वाद एवढाच आहे की बंदूक हे काम करेल, हे सांगणं खोटं आहे. आणि त्या खोट्यामागे जाऊन आपण जे सोडून देतो आहोत, ते फार मोठं आहे.

त्या व्हिडिओतल्या हत्यारापासून सुरुवात करू. साध्या दुनळीत दोन काडतुसं भरायची, दोन बार झाले की नळी मोडून पुन्हा भरायची. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये नळीखालच्या पोकळीत चार-पाच किंवा जास्त काडतुसं बसतात. चाप ओढला की एक बार, आणि त्याच बाराच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जाऊन पुढचं आपोआप चढतं. अमेरिकेत ती बहुतेक राज्यांत दुकानातून विकत मिळते. तिथल्या घटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे आणि घरात स्वरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हेलर खटल्यात सांगितलं.

आपल्या घटनेत तो हक्क नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाच्या हक्कांत, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगणं होतं, कारण इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याची चीड लोकांच्या मनात होती. पण १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली तेव्हा ती फेटाळली गेली. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत, आणि परवाना ही सरकारच्या मर्जीतली गोष्ट आहे. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन नियमांच्या सर्वांत कडक वर्गात मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकारी कचेरीत मिळत नाही, तो केंद्र सरकारच्या हातात आहे. म्हणजे व्हिडिओ पाहून ज्या वस्तूची स्वप्नं पडतात ती सामान्य माणसाला कायद्यानं मिळणारच नाही. फार तर माझ्यासारखी एकनळी-दुनळी मिळेल, तीही पोलिसांचा अहवाल अनुकूल आला तर. ज्या पोलिसांवर भरवसा नाही म्हणून बंदूक हवी, त्यांच्याच शेऱ्यावर ती मिळणार आहे, याचा विचार या पोरांनी केलेला दिसत नाही.

समजा मिळाली. मग ती सांभाळायची कशी? व्हिडिओत साफसफाई पाच मिनिटांत आटोपते. आमच्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. आठवडाभर नळी पुसली नाही तर तांबूस ठिपके उठतात, ते राहिले तर आत खड्डे पडतात. लाकडी दस्ता फुगतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसं नीट डब्यात ठेवली नाहीत तर पितळी बूड हिरवं पडतं आणि ऐन वेळी बार फुसका निघतो. माझ्या दुनळीत एक बार फुसका गेला तर दुसरी नळी आहे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बाराचाच जोर यंत्र चालवतो. काडतूस दमट निघालं की पुढचं चढत नाही किंवा रिकामं टरफल दारातच अडकतं. बाराच्या वायूवर चालणाऱ्या बंदुकीत तर दट्ट्यावर काजळी साचते, ती वेळोवेळी खरवडावी लागते. असं अडकलेलं हत्यार अंधारात, हात थरथरत असताना मोकळं करायला सराव लागतो. सरावाला काडतुसं लागतात, आणि आपल्याकडे काडतुसांचा हिशोब परवान्यावर मोजून द्यावा लागतो. अमेरिकेतला माणूस दर शनिवारी रेंजवर जाऊन शंभर बार काढतो. मालेगावचा किंवा मिरजेचा माणूस कुठे जाणार?

त्याहून मोठी अडचण कुलपाची आहे. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कायद्यानं परवानाधारकावर टाकली आहे, आणि ते योग्यच आहे. माझी बंदूक रिकामी, कुलपात असते आणि काडतुसं वेगळ्या जागी असतात. रात्री दोन वाजता दार फुटलं तर किल्ली शोधून, बंदूक काढून, काडतुसं भरेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जाईल. ही वेळ वाचवायची तर बंदूक भरून उशाशी ठेवावी लागेल, म्हणजे ती नातवाच्या हाताशीही राहील. सुरक्षित बंदूक वेळेवर हाताला लागत नाही, आणि हाताला लागेल अशी ठेवली तर घरातल्यांना धोका. यातून सुटका अमेरिकेतल्या लोकांनाही सापडलेली नाही. नबींची शिकवण आठवा : बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्यानं त्यांची टोकं मुठीत धरावीत, कुणाला इजा होऊ नये म्हणून. शस्त्र बाळगणाऱ्याची पहिली जबाबदारी आजूबाजूच्या माणसांची आहे, ही ती शिकवण. घरोघर बंदूक मागणाऱ्या तकरिरींत ती कधी ऐकू येत नाही.

आता जी गोष्ट शहरातल्या पोरांना ठाऊकच नसते ती सांगते. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचं फर्मान निघतं. नियमाप्रमाणे छाननी समितीनं प्रत्येक परवान्याचा विचार करून निर्णय घ्यायचा असतो. प्रत्यक्षात सरसकट सगळ्यांनाच बोलावणं येतं. पिकाच्या दिवसांत बंदूक ठाण्याच्या कोठीत आणि डुकरं शेतात, हे कोकणातल्या शेतकऱ्यांचं जुनं दुखणं आहे. सण-उत्सवात किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी लागते, तेव्हा शस्त्र घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणजे ज्या दिवसांत दंगल होण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत परवान्याची बंदूक एकतर सरकारजमा असते किंवा बाहेर काढणं गुन्हा असतो.

तरी समजू की बंदूक घरात आहे, भरलेली आहे आणि चालवणाऱ्याचा हात स्थिर आहे. समोर एक चोर असेल तर कदाचित उपयोग होईल. पण आपल्या पोरांना चोराची भीती नाही, जमावाची आहे. आणि जमावासमोर परवान्याच्या शस्त्राचं काय होतं हे या देशानं पाहिलं आहे.

२८ फेब्रुवारी २००२. अहमदाबादच्या चमनपुऱ्यातली गुलबर्ग सोसायटी. माजी खासदार एहसान जाफरी यांच्या घरात आसपासची माणसं जीव मुठीत धरून येऊन बसली होती, कारण एवढ्या ओळखीच्या माणसाच्या घराला कुणी हात लावणार नाही असं त्यांना वाटलं. जाफरी मदतीसाठी फोनवर फोन करत राहिले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे परवान्याचं शस्त्र होतं. त्या दिवशी तिथे ६९ माणसं मारली गेली, त्यांत जाफरीही होते. चौदा वर्षांनी, २०१६ च्या जूनमध्ये, विशेष न्यायालयानं २४ जणांना दोषी ठरवलं. त्याच निकालात कट असल्याचं नाकारलं गेलं आणि जाफरींनी केलेल्या गोळीबारामुळे जमाव अधिक भडकला, असंही नोंदवलं गेलं. झाकिया जाफरी २० वर्षं न्यायासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा अर्ज फेटाळला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

बंदूक मागणाऱ्यांनी हा निकाल नीट वाचावा. माजी खासदाराचं परवान्याचं शस्त्र एकाचाही जीव वाचवू शकलं नाही. उलट मेल्यानंतर ते त्यांच्याच विरोधात पुराव्यासारखं वापरलं गेलं. ‘आधी तिकडून गोळी आली’ हे वाक्य या देशात प्रत्येक दंगलीनंतर ऐकू येतं. ते वाक्य खरं करून दाखवायची सोय आपणच का करून द्यावी?

आता मुंबई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं केली आणि १९९८ मध्ये अहवाल दिला. मृत ९०० : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले इतर आणि ओळख न पटलेले. हे आकडे आपल्या भाषणांत नेहमी येतात. पण ती माणसं कशानं मेली, याची विभागणी क्वचितच कुणी सांगतं. पोलिसांच्या गोळीबारात ३५६. भोसकून ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या हल्ल्यात ८०. खासगी गोळीबारात २२. इतर कारणांनी ४.

ही विभागणी समोर ठेवून विचार करा. सर्वांत जास्त माणसं सरकारी बंदुकीनं मेली. त्या बंदुकीसमोर तुमची शॉटगन काय करणार? पोलिसावर गोळी झाडणार? मोहल्ल्यातल्या एका खिडकीतून एक बार निघाला, तर पुढच्या तासाभरात त्या मोहल्ल्यावर काय बरसेल ते १९९३ पाहिलेल्या कुणालाही विचारा. ३५६ हा आकडा आपल्याला बंदुकीच्या दुकानाकडे नेत नाही, तो पोलिसांना जाब विचारायला नेतो. त्या अहवालात ३१ पोलिसांची नावं होती. त्यांच्यावर पुढे काय कारवाई झाली, हे आजच्या विशीतल्या किती पोरांना माहीत आहे? शॉटगनच्या मॉडेलांची नावं मात्र त्यांना पाठ आहेत.

परवान्याची भानगड नको, ‘सोय’ करून घेऊ, असंही काही जण दबक्या आवाजात म्हणतात. त्यांनी संजय दत्तचा खटला आठवावा. बाप खासदार, स्वतः मोठा नट. दंगलीच्या दिवसांत कुटुंबाच्या रक्षणासाठी एके-५६ घेतली, हे त्याचं सांगणं होतं. टाडाच्या दहशतवादाच्या आरोपातून तो सुटला, पण शस्त्र कायद्याखाली २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाच वर्षांवर आणली आणि ती त्याला भोगावी लागली. ‘घरच्यांसाठी घेतली’ हे कारण त्याला वाचवू शकलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी वाढल्या आहेत : साधं अग्निशस्त्र विनापरवाना सापडलं तर दोन ते पाच वर्षं, प्रतिबंधित शस्त्र सापडलं तर सात ते चौदा. आणि कुर्ल्याच्या किंवा मुंब्र्याच्या बेरोजगार पोराच्या घरात गावठी कट्टा सापडला, तर खटला शस्त्र कायद्यावरच थांबेल अशी खात्री कोण देतं? एका घरातलं एक हत्यार सगळ्या वस्तीवर धाड पडायला पुरेसं असतं.

घराच्या आत येऊ. हा भाग पुरुष बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. अमेरिकेत १९९३ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात बंदूक असलेल्या घरांत खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट आढळला, आणि मारणारे बहुतेक वेळा घरातले किंवा ओळखीचेच निघाले. त्यावर खूप वाद झाले, बंदूकवाल्यांनी खूप टीका केली. पण तिथे बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक आत्महत्या करणारे असतात, यावर वादच नाही. फवारणीचं औषध घरात असतं म्हणून किती शेतकरी गेले हे विदर्भ-मराठवाड्याला सांगायला नको. रागाच्या किंवा निराशेच्या क्षणी हाताशी काय आहे, यावर जीव राहतो किंवा जातो. आपल्या चळवळीकडे तलाकच्या, मारहाणीच्या तक्रारी घेऊन बायका येतात. त्यांच्यापैकी एकीला विचारा, ‘बाई, तुझ्या नवऱ्याच्या कपाटात बंदूक असती तर तुला जास्त सुरक्षित वाटलं असतं का?’ घराचं रक्षण म्हणताना घर म्हणजे कोण, हे आधी ठरवावं लागेल.

‘पण अमेरिकेतल्या मुसलमानांनी तर घेतल्या ना बंदुका?’ घेतल्या. त्याच अमेरिकेत २०१५ साली चॅपल हिल इथे तीन तरुण मुसलमानांना शेजाऱ्यानं त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. त्या शेजाऱ्याकडे बंदूक बाळगण्याचा रीतसर परवाना होता. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. मारेकऱ्याकडे परवाना होता आणि त्याच्या शस्त्रांत सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनही होती. दुसऱ्या, म्हणजे लिनवुडच्या मशिदीत त्याला पिटाळलं अब्दुल अझीझ या माणसानं. त्यांच्या हातात सुरुवातीला कार्ड स्वाइप करायचं यंत्र होतं, नंतर मारेकऱ्यानंच टाकलेली रिकामी बंदूक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्वेतल्या बेरूमच्या मशिदीत हल्लेखोराला ६५ वर्षांच्या निवृत्त मोहम्मद रफीक यांनी रिकाम्या हातांनी जमिनीवर दाबून धरलं. यावरून रिकाम्या हातांनी लढा असं मी म्हणत नाही, ते नशीबही होतं. पण क्राइस्टचर्चनंतर तिथल्या मुसलमानांनी ‘आम्हालाही तसल्याच बंदुका द्या’ हा रस्ता धरला नाही. महिन्याच्या आत तिथल्या संसदेनं ११९ विरुद्ध १ मतानं बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रांवर बंदी आणली आणि लोकांकडून ती विकत घेऊन नष्ट केली. आपल्या व्हिडिओवाल्यांना हे उदाहरण का आठवत नाही?

आणखी एक गोष्ट. समाजांना शस्त्रं वाटण्याचं तत्त्व एकदा मान्य केलं की ती कुणाच्या हातात जातील? २०२५ च्या मे महिन्यात आसामच्या मंत्रिमंडळानं ‘असुरक्षित’ भागांतल्या मूळनिवासींना शस्त्र परवाने देण्याची योजना मंजूर केली. ज्या जिल्ह्यांची नावं घेतली गेली, ते धुबरी, बारपेटासारखे मुस्लिमबहुल जिल्हे आहेत. तिथे असुरक्षित कुणाला मानलं गेलं आणि भीती कुणाची दाखवली गेली, हे वेगळं सांगायला नको. सत्ता ज्यांच्याकडे, परवाना त्यांना. या शर्यतीत अल्पसंख्याक कधी पुढे जाणार नाही. म्हणून आपलं हित बंदुका कमी असण्यात आहे, सगळ्यांच्याच घरात. २०११ मध्ये छत्तीसगडच्या सलवा जुडूमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी बनवून शस्त्रं देणं घटनाबाह्य ठरवलं. नागरिकांचं रक्षण हे सरकारचं काम आहे, ते नागरिकांवर ढकलता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. आपण स्वतःच बंदूक मागायला लागलो, तर ‘तुमचं तुम्ही पाहा’ म्हणायला सरकार मोकळं झालं.

मग करायचं काय? या प्रश्नाला महाराष्ट्राकडे उत्तर आहे आणि ते इथल्याच मातीतलं आहे. भिवंडी १९७० ला जळाली, १९८४ ला पुन्हा जळाली. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतले साधे लोक, यंत्रमागवाले, दुकानदार, बायका, आणि त्या भागाचा हवालदार, नियमित बैठक, नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सगळ्यावर बोलणं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. दंगलींसाठी बदनाम असलेल्या त्या गावाला शॉटगननं नाही, ओळखीनं वाचवलं. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, सतीश सहानी यांच्यासारख्यांनी मोहल्ला कमिटीचं काम उभं केलं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा व्हिडिओ होत नाही. पण त्याचा परिणाम दिसलेला आहे.

कायद्याची हत्यारंही आपल्या हातात आहेत आणि त्यांना गंज आपणच चढू दिला आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं, पीडितांना भरपाई आणि हलगर्जी करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईही सांगितली. तुमच्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण आहे? माहितीच्या अधिकारात कुणी विचारलं आहे का? २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयानं सर्व राज्यांना सांगितलं की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवा. तुमच्या गावात असं भाषण झालं तेव्हा त्या आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात कोण गेलं? राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, तिथे किती अर्ज गेले? आणि दर पोलीस भरतीला आपली किती मुलं-मुली मैदानावर धावायला उतरतात? ज्या जमातीचा हॉल लग्नाच्या दावतीला मिळतो, तो पहाटे भरतीच्या अभ्यासाला का मिळू नये? ३५६ या आकड्याला दिलेलं ते जास्त भक्कम उत्तर असेल.

मला ठाऊक आहे, यावर कुणीतरी विचारणारच : ‘आणि आज रात्रीच जमाव आला तर?’ तर दार लावा, गच्चीवर जा, बायका-मुलांना शेजारच्या ओळखीच्या घरी पोचवा, ११२ लावा, चित्रीकरण करा, हाताला लागेल त्यानं स्वतःला वाचवा. कायदा त्या क्षणी तुमच्या बाजूनं आहे. शेजारी दार उघडेल की नाही, हे मात्र त्या रात्री ठरत नाही, आधीच्या दहा वर्षांत ठरलेलं असतं. त्या दहा वर्षांचं काम हा आपल्या चळवळीचा कार्यक्रम असला पाहिजे. बंदूक हा कार्यक्रम होऊ शकत नाही.

‘स्वतःच्या घरात ठेवून दुसऱ्यांना नको म्हणता’ असा टोमणाही येईल. माझी बंदूक वानरांसाठी आहे. माणसांपासून रक्षण करायला ती मी कधी ठेवली नाही, आणि पिकाची दुसरी सोय झाली तर उद्या परवाना परत करेन.

एका बंदुकीला, तिच्या लोखंडी कपाटाला, काडतुसांना आणि परवान्याच्या खेपांना जो पैसा लागतो, त्यात मशिदीच्या गल्लीत दोन्ही टोकांना कॅमेरे लागतील, एका वकिलाचं वर्षभराचं मानधन निघेल, भरतीच्या चार मुलांचे बूट येतील. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय मांडा. नोडल अधिकाऱ्याच्या नावासाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी आमच्या जिल्ह्यात टाकते आहे. तुम्हीही तुमच्या जिल्ह्यात टाका, आणि काय उत्तर येतं ते या मासिकाला कळवा.